आई मला धाकटी बहीण म्हणाली

लिमा, रविवार

लाडक्या झेनी,

तुला गोड पापी आणि आजीला माझ्याकडून घट्ट मिठी.

मी सुखरूप पोचले. आई बरी आहे, थोडी जाड झालीय. जेवण पोटभर मिळतं. गिनीपिगांना गवत घालतेस ना? आजीचा गुडघा कसा आहे?

पुढचं आजीला वाचून दाखवू नकोस. आईने इथे लग्न केलंय, झेनी! दार तिच्या नवऱ्यानेच उघडलं. रुफिनो त्याचं नाव. मी कोण ते सांगणार, तेवढ्यात आई मागून धावत आली आणि म्हणाली, "ही माझी धाकटी बहीण, गावाहून आलीय." माझ्या हातातली बटाट्यांची पिशवी तिथेच गळून पडली. आपण दोघी आहोत हेच त्याला ठाऊक नव्हतं.

स्वयंपाकघरात आई कुजबुजली, "थोडे दिवस मला ताई म्हण, बाळा." मी तसं म्हणायला लागले.

आज जेवताना सूप अळणी लागलं. मी म्हटलं, "आई, मीठ दे." खरंच गं, ठरवून नाही म्हटलं. रुफिनोचा चमचा हवेतच राहिला. आई पांढरीफटक पडली. वाटलं, आता ही हसून उडवून लावेल. पण तिने मीठ माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "रुफिनो, ही माझी मुलगी. आणखी एक आहे, झेनाइदा."

तो उठून गेला, अजून आलेला नाही. आई दाराशी बसलीय. पण तुझं नाव तिने मोठ्याने घेतलं गं, मी ऐकलं.

तुझीच ताई,
नेलिदा