प्रुइटला दिलेला शब्द

इंडियानापोलिस, ११ फेब्रुवारी १८५३

प्रिय ड्रुसिला,

माझी काळजी करू नकोस. तू विणलेले मोजे रोज घालतो. खोकलाही कमी आहे, निदान दिवसा.

आपल्या पुलाचं विधेयक काल एका मताने पडलं. ते मत माझं होतं, आणि मी दिलंच नाही.

पुलाचा कट्टर विरोधक प्रुइट आजारी पडून घरी निघाला, तेव्हा माझा हात धरून म्हणाला, "वकीलसाहेब, मी येईपर्यंत तुम्हीही मत देऊ नका, म्हणजे फिट्टंफाट." सभागृहातली ही जुनी रीत: विरोधातलं एक मत गैरहजर, तर बाजूचंही एक मत द्यायचं नाही. मी शब्द दिला. काल मतदानाआधीच तार आली, प्रुइट वारला. माझं नाव पुकारलं तेव्हा शेजारचे सभासद ओरडले, "अरे, मेलेल्याला कसला शब्द? बोल की!" पण मला शब्दातून मोकळा करणाराच उरला नव्हता. तोंड उघडलंच नाही.

बरोबर केलं की माती खाल्ली? कोर्टात मी दोन्ही बाजूंनी भांडलो असतो.

धाकटी चालायला लागली का? नदीत बर्फ वाहत असेल, रविवारी चर्चला नावेतून जाऊ नकोस.

तुझ्या भावाला त्या नदीने नेलं, तेव्हा पूल आणीन असा शब्द तुलाही दिला होता. तू तरी मला मोकळं करशील का?

तुझाच,
लेम्युएल