चिऊ पोचेपर्यंत केर नको

शनि. ११ जुलै

आधी आली ती सुगुणम्माच. पाहुणे नंतर. शेजारीण ती, साखरेचं निमित्त, पण डोळे दाराकडे. "आये क्या वो लोगां?" म्हटलं, बस शहराबाहेर उतरवते, तिथून ऑटो, येतील. "और वो आदमी?" हौ, तोही. साखर तशीच राहिली, खुर्ची ओढून बसली.

ऊन वर आल्यावर आले. चिऊ त्याच्या खांद्यावर झोपलेली. माझी नात, अनिलची पोर. केवढी लांब झालीय गं बाई! पुढचा दात पडलाय. उठल्या उठल्या माझ्या गळ्यात पडली आणि जिलबी मागितली. आणलीच होती. मागू दे म्हणून थांबले होते.

रेखा वाळलीय. सून माझी. अनिल गेल्यापासून सोलापूरला आईबापांकडे असते, तिथंच नोकरी. हा सुधाकर तिच्या ऑफिसातला. लग्न करायचं म्हणतात. मला विचारायला आलेत. मला वाटलं होतं, बघितल्यावर रडू येईल, नाहीतर राग तरी. काहीच नाही. भेंडी चिरत होते, चिरत राहिले.

बस म्हणे अगदी स्वस्तातली. रेल्वेचं मिळालं नाही. सीट मागे जात नाही, खिडकीची काच बसत नाही, पाऊस आत. चिऊ सांगत होती, "आजी, काकांनी खिडकीला टॉवेल धरला, सकाळपर्यंत. मी नाही भिजले." त्याची एक बाही खांद्यापर्यंत ओली होती. दिसली मला.

मला काय म्हणावं ते त्याला कळत नाही. हाक मारायची वेळ आली की खोकतो. दोनदा मला वाटलं पाणी हवंय. दिलं. प्याला बिचारा.

रवि. १२

सकाळी रेखाने विचारलं. "आई, तुम्ही नाही म्हणालात तर नाही करणार." म्हटलं, चहा गार होतोय. आतून काही येतच नाही. नळ सोडावा आणि नुसता वारा यावा तसं.

तिकडे भिंतीवरून सुगुणम्मा. "अम्मा, उनो शादी करते तो करने देव. पोट्टी को अपनेच पास रख लेव. तुमारे बेटे की निशानी है." तेव्हापासून तेच डोक्यात. खरंच आहे की, लग्न झालं की चिऊ त्या घरची. मग इकडे कोण कशाला आणतंय तिला? दोन वर्षांनी आजी म्हणजे फोनमधली बाई. ठेवून घेतलं तर? पण आईपासून तोडायची पोर? आणि माझे गुडघे हे असे. इथल्या शाळेत मराठीही

रेखा हाक मारत होती. तेवढ्यात राहिलं.

मग ती चिऊला घेऊन नल्लकुंट्याला गेली, मैत्रिणीकडे. त्या दोघी फाटकाबाहेर पडल्या न पडल्या, मागे खर्र खर्र. बघते तर सुधाकर! मदत म्हणून केरसुणी घेऊन दिवाणखाना झाडतोय! ओरडलेच. "ठेव ती! माणूस बाहेर पडलं की लगेच केर काढतात का? आईनं शिकवलं नाही?" पहिल्यांदाच बोलले त्याच्याशी, तेही हे.

पांढरा पडला. मग सांगितलं त्याला. अनिल तारनाक्याला ऑफिसात म्हणून गाडीवर निघाला, मागोमाग कामवालीने झाडून घेतलं. केराने काही होत नसतं, मला कळतं. पण.

तो उभाच. खोकला. मग अगदी हळू, "आता हा बाहेर टाकू, की परत पसरू?"

अरे देवा. हसूच आलं मला. किती महिन्यांनी कोण जाणे. म्हटलं, राहू दे तिथंच. तर केर उडू नये म्हणून पंखा बंद करून बसला त्या ढिगाशेजारी. हा उकाडा, घामाने चिंब. त्या दोघी जेवायच्या वेळेला आल्या, तोवर हलला नाही. चिऊ म्हणते, "काका, कचऱ्याची राखण करताय?"

संध्याकाळी निघाले, परत तसलीच बस. तिघांच्याही हातावर दही घातलं. कपाटातून अनिलची शाल काढली, त्याच्या हातात दिली. म्हटलं खिडकीला टॉवेल पुरत नाही. चिऊवर घाल. परत आणून द्यायची.

रेखा पायरीवरच रडायला लागली. मला नाही आलं. बस चुकेल, म्हटलं.

सोम. १३

रात्री घर तसंच. जिलबीचा कागद, शेंगांची टरफलं, सगळं. सकाळी सुगुणम्मा आली, "क्या अम्मा, घर कित्ता मैला!" आणि शाल दिल्याचं ऐकून कपाळावर हात मारला. मारू दे. म्हटलं बस पोचली नाही अजून.

फोन वाजला. रेखा असेल वाटलं. पलीकडे खोकला.

मग, "आई, पोचलो. चिऊ कोरडी आहे. आता केर काढा."

बरं म्हटलं. ठेवला. केरसुणी हातात घेऊन किती वेळ उभी होते, मग काढला सावकाश. टरफलं तेवढी कोपऱ्यात राहू दिली. उद्या काढीन.

पंचमीला येतो म्हणालेत, शाल घेऊन. त्या सणाला लेकी माहेरी येतात, सुना नाही. हे रेखाला ठाऊक आहे, आणि तिनेच पंचमी म्हटलं. तोंडाने म्हणतात माणसं. बघू.

पंचमी सोमवारी आहे, १७ ऑगस्ट. पुरणाची दिंडं चिऊला आवडतात. त्याला आवडतात का, विचारायचं राहिलं.