सोनालीच्या कोठीतली ज्वारी

ता. ३, मंगळवार
सगळ्यात आधी आली शेजारची सुमन. उंबऱ्यातूनच, "मामी, पेढे काढा! सोनालीचं पेपरात आलंय, अन् तुमी लसूण काय सोलायलाव?" माझ्या नातीला बक्षीस! समाजाच्या उपयोगी पडणाऱ्या संशोधनाचं. कोठीत विषारी गोळी न टाकता ज्वारी टिकती, असली पाल्याची पुडी केलीय तिनं, परभणीला शिकता शिकता. चार घरी कोठ्या ठेवल्या होत्या. आमची सगळ्यात निर्मळ निघाली, असं छापलंय. लय आनंद झाला. भाकर मात्र गेली न्हाई.

ता. ४, बुधवार
पाथरीहून बहिणीचा फोन. तिलाबी पुड्या पाह्यजेत. घरात बारकी लेकरं, गोळीचं भ्या वाटतं म्हणली. मी हो हो केलं, अन् घाईनं फोन ठेवला.
लिहूनच टाकते. पोरीनं बजावलं होतं, "आज्जी, झाकणाला हात लावू नको. किडली तर किडू दे." नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी उघडलं. ज्वारीत सोंडे पडलेले! एवढी राबली, आता तिचं तोंड उतरंल म्हणून समदी उपसली. पोखरलेली कोंबड्यांना, पोत्यातली चांगली कोठीत. चिकटपट्टी होती तशी लावली. कोंबड्या चार दिवस खूश. माझी मीच खूश, केवढं शहाणपण केलं म्हणून.
बाकीच्या तीन घरी काय झालं, इचारायची हिंमत न्हाई.

ता. ६, शुक्रवार
पाव्हणे आले. सोनाली, तिच्या मॅडम, एक फोटोवाला. मॅडम म्हणल्या, "आजी, तुमच्या कोठीनं आमचा भरोसा वाढला." सोनालीनं मलाच शाल घातली. "अर्धं बक्षीस आज्जीचं." सून म्हणती, "आत्याबाई, रडायलाव काय?" आनंदानं गं, म्हणले. तेबी खोटंच.
फोटोत मान खाली आलीय.

ता. ८, रविवार
सोनालीला फोनवर सांगितलं. आधी हसली, चेष्टा वाटली तिला. मग म्हणली,
"तवाच का न्हाई सांगितलंस?"
"तुझं तोंड उतरलं असतं..."
"माझं तोंड बघितलंस. अन् जी बाई ह्या पुडीच्या भरोशावर वरसाचं दाणं ठेवील, तिचं?"
मी आपलं बक्षीस परत घेत्यात का इचारलं. "ठावं न्हाई आज्जी. मॅडमला मात्र आजच सांगणार." फोन ठेवताना दरवेळी म्हणती तसं "बीपीच्या गोळ्या घे वेळेवर" म्हणली न्हाई.

ता. १०, मंगळवार
बहिणीला कळवलं, इतक्यात पुड्यांचं नाव काढू नको. ती म्हणली, "मंग काय, गोळीच टाकू?"
दुपारी मॅडमचा फोन. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आजी, काय काढलं, काय भरलं, तुमच्या तोंडून लिहून घ्यायचंय. बाकीच्या कोठ्याबी परत बघायच्यात. आम्ही सगळे येतो."
सोनालीबी संगं येणार का, इचारायचं राह्यलं.
सोमवार, ता. १६, सकाळच्या एस्टीनं येत्यात.