घरी सांगितले जाईल

सिंदी (रेल्वे)
८ जुलै २०२५

ती. रक्षाताईस,
धर्मेंद्रचा शि. सा. न.

पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगतो, आम्ही दोघं बरे आहोत. फोनवर हे बोलणं जमलं नसतं. एक तर फोन सदा गुंजनच्या हातात, आणि बहिणीशी हा विषय काढायचा म्हणजे माझी जीभच वळत नाही. वाचून झालं की फाडून टाक.

शनिवारी गुंजनच्या शाळेत सहावीच्या पालकांची सभा होती. गणवेशाचं काही असेल म्हणून मी दुकान बंद करून गेलो. पाहतो तर सगळ्या बाया, आणि पुरुष मी एकटा. लीना मॅडम म्हणाल्या की पोरी आता वयात येतील, शरीरात काय काय बदलतं ते आम्ही वर्गात सांगणार आहोत, पण घरच्यांची साथ असेल तरच. त्यांनी फळ्यावर चित्र टांगलं तसा मी चपला शोधायला लागलो. शेजारची तानाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मॅडमनी मला दारातच गाठलं आणि एक फॉर्म हातात दिला. त्यात दोन चौकटी आहेत. एक, शाळेत सांगण्यास परवानगी आहे. दुसरी, घरी सांगितले जाईल. तीन दिवसांपासून तो फॉर्म वजनकाट्याखाली पडून आहे.

मोनाली असती तर हे माझ्यापर्यंत आलंच नसतं. पुढच्या महिन्यात तिला जाऊन दोन वर्षं होतील. गर्भपिशवीच्या कॅन्सरने शेवटचे सहा महिने घरात जे चाललं ते तू पाहिलंस. त्या भिजलेल्या चादरी गुंजननेही पाहिल्या, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तेव्हापासून मी रक्त हा शब्द घरात काढत नाही. तू तिकडे शाळाभर पोरींना हे शिकवतेस. एक दिवस ये, आपल्या पोरीलाही सांग, आणि माझी सुटका कर.

भाऊजींच्या पायाला लवकर आराम पडो. तुझा हात डोक्यावर आहे तसाच राहू दे.

तुझा
धर्मेंद्र


पुलगाव
१४ जुलै २०२५

चि. धर्मेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. दोनदा वाचलं आणि पोटभर हसले. दिवसभर पॅडची पाकिटं कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून अशी देतोस की जणू चोरीचा माल विकतोस, आणि एका चित्राला भिऊन पळालास! चप्पल तरी स्वतःचीच घालून आलास ना?

यांच्या मांडीत रॉड टाकला आहे. खाटेवरून उठवायचं म्हटलं तरी मीच, आणि सकाळी शाळा. त्यामुळे निघणं होत नाही. पण खरं सांगते, जमलं असतं तरी मी तुझ्याआधी तिच्याशी बोलले नसते. आठ वर्षांपूर्वी मी घरच्यांना न विचारता असा वर्ग घेतला होता. तिसऱ्या दिवशी पोरींचे बाप मुख्याध्यापकांच्या दारात येऊन उभे. सुरभी नावाची फार हुशार मुलगी होती, तिला तर घरच्यांनी शाळेतूनच काढलं. ती पोर अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तेव्हापासून माझा नियम आहे, पहिला शब्द घरातून गेला पाहिजे. घरच्यांनी तोंड उघडलं की पोरींना विचारायची हिंमत येते.

दुसऱ्यांच्या घरी नियम लावायचा आणि माहेरी मोडायचा, हे बरं दिसेल का? तेव्हा तूच बोल. ती तुझीच पोर आहे, खाणार नाही तुला. मी आहेच मागे.

गुंजनला माझा पापा. रागावला असशील तर राग तुझ्याजवळ ठेव, माया इकडे पाठव.

तुझी
ताई


सिंदी (रेल्वे)
२ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा नियम पाळला. फॉर्मवर दुसऱ्या चौकटीत खूण केली, घरी सांगितले जाईल. मागच्या आठवड्यात शाळेत तो वर्ग झाला. तेवढा वेळ गुंजनला आणि आणखी दोघींना वाचनालयात बसवलं होतं.

मग गुरुवारी दुकान लवकर बंद केलं, दोघांसाठी चहा ठेवला, तिला समोर बसवलं आणि सुरुवातही केली. म्हटलं, गुंजन, तू आता मोठी झालीस. तिचा चेहरा असा पांढरा पडला की माझीच पाचावर धारण बसली. विचारू लागली की बाबा, तुमाले कोणं काई सांगतलं काय. मी घाईघाईने अपूर्णांक समजतात का म्हणून विचारलं. समजतात म्हणाली. चहा निवून गेला. ताई, माझ्याच्याने होत नाही. दिवाळीत तू येशील तेव्हा तुझ्यासमोर बोलेन.

बाकी पोर फार शहाणी झाली आहे. पहाटे माझ्याआधी उठते आणि आपले कपडे, कधी कधी चादरसुद्धा, स्वतः धुऊन टाकते. मला हात लावू देत नाही. मागे दोन दिवस पोट धरून बसली होती, ओवा दिला, बरी झाली. खो-खो सोडला. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावल्या आहेत. मला फोडणीचं वरण शिकवलं. कशाला म्हटलं तर म्हणे, बाबा, तुमाले आलं पाह्यजे ना. मोनाली गेली तेव्हा वाटायचं ही पोर कशी निभेल. आता तीच माझं करते.

भाऊजींना नमस्कार. भावाला नालायक म्हण, पण परका म्हणू नको.

तुझा
धर्मेंद्र


नागपूर
८ ऑगस्ट २०२५

चि. धर्मेंद्र यास,
आशीर्वाद.

यांच्या जखमेत पू झाला म्हणून तातडीने इथल्या दवाखान्यात आणलं. तुझं पत्र तसंच पर्समध्ये होतं, ते काल इथल्या बाकावर बसून वाचलं. अरे वेड्या, पहाटे चादरी धुणारी, पोट धरून बसणारी अकरा वर्षांची पोर, आणि तू ओवा देतोस? तिला सुरू झालं आहे. आणि हे पहिल्यांदाचं दिसत नाही. कोणी एक शब्द सांगितला नाही तिला, ना तू, ना शाळेने, ना मी.

चूक माझी आहे. पहिला शब्द घरातून म्हणजे शाळेचा वर्ग बंद असं मला म्हणायचं नव्हतं. तू कोणत्या चौकटीत खूण करणार हे मी विचारलंही नाही. आणि माझा नियम ज्या घरांसाठी होता त्या घरांत आया होत्या, एवढी साधी गोष्ट शिकवण्याच्या तोऱ्यात माझ्या ध्यानात आली नाही.

लगेच फोन लावला तर तिनेच उचलला. खोदून विचारलं तर म्हणे, मले काई नाई झालं आत्या, तू तिकडचं पाह्य. आणि ठेवून दिला. तुला फोनवर सांगितलं असतं तर तू हो हो करून गिऱ्हाईक पाहिलं असतंस, म्हणून हे लिहिते. मंगळवारी यांचं पुन्हा ऑपरेशन आहे. मला इथून हलता येत नाही आणि इथे बसवत नाही. तुझ्याशिवाय तिच्याजवळ कोणी नाही. पत्र मिळेल त्याच दिवशी बोल. भिंतीकडे तोंड करून बोल, पण बोल. हे सगळ्याच बायांना होतं, घाबरायचं काही नाही, एवढं म्हणालास तरी तिच्या जिवाला थारा मिळेल. बाकीचं लीना मॅडमच्या हातापाया पडून त्यांना सांगायला लाव.

त्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचं मला काही उमगलं नाही, पण ते वाचल्यापासून चैन नाही. राखी सोबत ठेवली आहे, उशिरा पोहोचेल. लोभाचं नंतर पाहू, आधी पोरीशी बोल.

तुझी
ताई


सिंदी (रेल्वे)
१६ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
गुंजनचा सा. न. वि. वि.

आमच्या पुस्तकात पत्रलेखन आहे, तसं लिहिते आहे. चुकलं तर हसू नको. दवाखान्याचा पत्ता बाबांना विचारला असता तर कशाला म्हणाले असते, म्हणून पुलगावलाच टाकते. तू घरी येशील तेव्हा तुला मिळेल.

काल झेंडावंदनाहून आले तर बाबांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं होतं. ते माझ्याशी बोलले. कॅलेंडरकडे पाहूनच बोलले. ते एवढं बोलले म्हणून मग मीही सांगून टाकलं की मला आईचा आजार झाला आहे. मे महिन्यापासून आहे. चार-पाच दिवस रक्त जातं मग थांबतं. मला वाटतं बरं झालं, आणि पुन्हा येतं. आईचंही आधी असंच थांबायचं. मी कोणाला सांगितलं नाही, कारण बाबा पुन्हा जेवण सोडतील. मी गेल्यावर त्यांना सापडावं म्हणून डब्यांवर नावं लिहिली. वरण त्यांना जमतं. पोळ्या अजून नाही जमत.

बाबा खूप रडले. मी त्यांना पाणी दिलं. मग त्यांनी दुकानातलं एक पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. नंतर लीना मॅडमकडे गेले, पण त्या गावाला गेल्या आहेत, सोमवारी येतील. तानाबाई म्हणाली की पोरगी मोठी झाली, पेढे वाटा. आजारी माणसाचे पेढे काऊन वाटायचे ते मला समजलं नाही.

आत्या, तू हे शिकवतेस, म्हणून तुलाच विचारते. मी घाबरणार नाही, खरं असेल तेच लिही. बाबा म्हणतात की हे सगळ्याच बायांना होते, घाबराचं काई नाई. पण आई पहिल्यांदा त्यांना रक्ताचं सांगायला आली होती ना, तेव्हा मी तिथंच बसून पाढे लिहीत होते. आईलाही बाबांनी हेच सांगितलं होतं.

मोठ्यांना नमस्कार. माझ्यावर जेवढा लोभ आहे तेवढा बाबांवर राहू दे.

तुझी
गुंजन