शिकवणीतला होकार

बाई, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी तो निवायला हवा होता. पण परवा ऑफिसात साहेब काहीतरी म्हणाले, मी चटकन ‘आय ॲग्री’ म्हटलं आणि मग दिवसभर जीव थाऱ्यावर राहिला नाही.

धामणकर नाक्याला, लूमच्या कारखान्यावरच्या माळ्यावर तुमचा इंग्रजीचा क्लास होता. खाली इतका खडखडाट की साधं बोलायचं तरी ओरडावं लागे. आम्ही सगळ्या ‘आय ॲम ॲग्री’ म्हणायचो आणि तुम्ही टेबलावर पट्टी आपटायचात. “तो ‘ॲम’ घरी ठेवून या! आय ॲग्री विथ यू. पुरे.” मग जोड्या पाडायचात. एकीने कसलंही मत मांडायचं, दुसरीने पूर्ण वाक्यात ते मान्य करायचं, पटो न पटो. नाही कसं म्हणायचं, ते पुढच्या आठवड्यात होतं.

त्या दिवशी बाबा मला न्यायला दिघाशीहून आले होते. दारातच उभे आहेत. माझी जोडीदारीण म्हणते, मुलींची लग्नं लवकर व्हावीत. मी बेंबीच्या देठापासून ओरडते, “येस, आय ॲग्री विथ यू!” तुम्ही म्हणता, “शाब्बास!” बाबांनी विचारलं, “काय बोलली पोर?” आणि तुम्ही कौतुकाने मराठीत सांगून टाकलंत. वडपे गावचं स्थळ आलं होतं मला. मला बारावीनंतर शिकायचं होतं, आईने माझी बाजू धरली होती, म्हणूनच ते अडलं होतं. घरी आल्या आल्या बाबा आईला म्हणाले, “बाईंच्या समोर सोताच्या तोंडानं हो बोलली. आता काय अडलंय?” ती नुसती तालीम होती, हे मी परोपरीने सांगितलं. “इंग्रजीत एक नि मराठीत एक, असं न्हाय चालत,” बाबा म्हणाले.

मी रडत तुमच्याकडे आले आणि तुम्ही तशाच रिक्षा करून आमच्या घरी आलात. केवढा धीर आला होता मला! मी आत चुलीपाशी, कान ओटीवर. बाबा म्हणाले, “घर चांगलं हाय, पोरगा निर्व्यसनी हाय.” तुम्ही म्हणालात, “तुमचं बरोबर आहे.” “पोरीचं वय थांबतं का, बाई?” “तेही बरोबर आहे.” आधी समोरच्याला मान द्यायचा, मग ‘पण’ म्हणायचं, हे तुम्हीच शिकवलेलं. मी त्या ‘पण’ची वाट बघत होते. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, चहा प्यालात, चांगला झालाय म्हणालात आणि निघालात. भ्यालात का, बाई? की तुम्हालाही खरंच पटलं होतं? नुसतं तेवढं कळलं असतं तरी चाललं असतं.

नवरा भला निघाला. पुढे त्यानेच मला शिकवलं, गोदामाच्या ऑफिसात नोकरीला लावलं. त्यामुळे तुमच्याबद्दल तक्रार करायला गेले तर लोक मलाच हसतील. हा कागद तुमच्या मुलीकडे द्यावा असं मनात होतं, पण मी संसारात दुःखी आहे असंच ती समजेल, म्हणून नाही देणार.

खरं सांगू? मला कुणी विचारलं असतं, तर कदाचित मी हो म्हणाले असते. पण विचारायला हवं होतं, बाई.