जो आधी उत्तर देईल

सोमवार, ४

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक लॅपटॉप आणि ही वही, सध्या एवढाच माझा संसार. वही म्हणजे आमच्या इंजिनवाल्यांची भेट. जहाजाच्या इंजिनखोलीत तेल, तापमान वगैरे टिपायला असते तसली, रकाने आखलेली. पुठ्ठ्यावर त्यांनी दोन ओळी खरडून दिल्यात. मी वर तपकिरी कागदाचं कव्हर घालून त्या झाकून टाकल्या, कारण ताई माझ्या वह्या वाचते. शाळेपासूनची खोड आहे तिची. म्हणूनच नवऱ्याचं नाव या वहीत एकदाही येणार नाही. इंजिनवाले म्हटलं की भागलं.

भाड्याच्या घराची मुदत संपली आणि बोट परत यायला अजून चोवीस दिवस. ताईला कुठून तरी कळलं आणि तिने आपणहून फोन केला. माझ्या लग्नापासून, म्हणजे आठ वर्षं, आमच्यात अबोला होता. तिला न विचारता लग्न केलं हा माझा गुन्हा. आईबाबा गेल्यावर तिनेच मला वाढवलं, त्यामुळे तिचा राग मला कळतोही. पण आज तिने मला दारातच कुशीत घेतलं आणि झालं गेलं विसरून जाऊ म्हणाली. मी तर ढसाढसा रडले. २८ला इंजिनवाले न्यायला येतील, तेव्हा दोघांची नीट ओळख करून देईन.

भाऊजींना आज पहिल्यांदाच पाहिलं. ताईचं लग्न अबोल्यातच झालं, चार वर्षांपूर्वी. गोल चेहरा, पायात घरातल्या सपाता, दर वाक्याच्या शेवटी ‘सोपं आहे’. माणूस लोण्यासारखा मऊ. माझी खोली वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून. खिडकीतून फाटक आणि कोपऱ्यापर्यंतचा रस्ता दिसतो.

बुधवार, ६

लॅपटॉपने मान टाकली. डिस्क गेली. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आहे, ते अडून कसं चालेल? भाऊजी म्हणाले, डिस्क हवीय कशाला? जिन्याखालच्या कपाटात त्यांचा सर्व्हर आहे. म्हणजे एक जुना संगणक, त्याला दोन पंखे, त्यातला एक सारखा कुरकुरतो. लॅपटॉप त्याच्यावरूनच, केबलमधून सुरू करायचा. त्यांनी मला अगदी पहिलीतल्या मुलीला शिकवावं तसं शिकवलं. विसरायला नको म्हणून उतरवून ठेवते.

डिस्क नसलेलं मशीन जागं होतं तेव्हा त्याला स्वतःबद्दल काहीच ठाऊक नसतं. जन्मतः कोरलेला एक नंबर तेवढा त्याच्याजवळ असतो. मग ते घरभर हाक मारतं, माझा नंबर हा, मी कोण, माझा पत्ता काय, सुरुवात कुठून करू? सर्व्हर नंबर ओळखतो, पत्ता देतो आणि एका छोट्या फाइलचं नाव सांगतो. ती फाइल आली की ती बाकीचं सगळं ओढून आणते. दोन मिनिटांत मशीन शहाण्यासारखं कामाला लागतं. मी म्हटलं, बिचारं. भाऊजी बराच वेळ हसत होते.

शुक्रवार, ८

दोन दिवस लॅपटॉप सुरूच होईना. पत्ता मिळायचा, पण फाइलचं नाव काही मिळायचं नाही. भाऊजींनी तीन केबली बदलल्या, मला चारदा चहा करायला लावला आणि शेवटी कपाळावर हात मारला. नवशिके हमखास करतात तीच चूक आम्ही केली होती. हाकेला सर्व्हर उत्तर देत होता आणि इंटरनेटचा राउटरही देत होता. मशीन बापडं जो आधी उत्तर देईल त्याचं ऐकतं. दुसऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही, खरं-खोटं तपासत नाही. राउटर चपळ, सर्व्हर म्हातारा. राउटरचं तोंड बंद केलं आणि लॅपटॉप पहिल्या झटक्यात सुरू झाला.

“घरात उत्तर देणारा एकच हवा,” भाऊजी म्हणाले. “सोपं आहे.”

ताई रोज सकाळी सहाला चहा घेऊन येते. आधी भाऊजींच्या खोलीत जाते, मग माझ्याकडे. उशाशी बसून डोक्यावरून हात फिरवत काहीबाही बोलत असते, मी अर्धवट झोपेत असते. इतके लाड तर लहानपणीही झाले नव्हते.

मंगळवार, १२

काल इंजिनवाल्यांना चांगलं पाच पानी पत्र टाइप केलं. शेवटी सही ‘तुमची मांजरपाट’. पहिल्या भेटीत मी मांजरपाटाचा कुडता घातला होता, तेव्हापासून मला याच नावाने हाक मारतात. दुसऱ्या कुणाला हे नाव माहीत नाही. आज लॅपटॉप सुरू केला तर पत्र गायब. भाऊजी ओशाळले. सर्व्हरवरची मूळ प्रत नुसती वाचण्यापुरती असते, दिवसभर आपण जे करतो ते बंद करताना पुसलं जातं आणि सकाळी पुन्हा मूळ प्रतच येते. जपायचं ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचं, हे सांगायचं राहिलं म्हणे. मी जाम चिडले, मग त्यांचा चेहरा बघून हसू आलं.

हाताने पत्र लिहायला बसले. पाकिटामागे घालायला आमच्या भाड्याच्या घराचा पत्ता आठवेना. आठ वर्षं राहिले तिथे. मोबाइलमध्ये बघावं तर तो ताईने दुरुस्तीला दिलाय. वय झालं म्हणायचं.

शुक्रवार, १५

बोटीचं नाव आठवत नाही. ताईला विचारलं तर म्हणाली, कुठली बोट? मग हसली, थट्टा केली म्हणाली. मला ती थट्टा आवडली नाही.

अंगठी बेसिनवर काढून ठेवली होती. सापडत नाही.

रविवार, १७

आज ताई यायच्या आधी जाग आली. डोळे मिटूनच पडले होते. ती आली, बसली, डोक्यावर हात ठेवला आणि पाढे म्हणावेत तसं एका सुरात बोलू लागली.

“तू माझी धाकटी बहीण. तू कायम माझ्याकडेच राहिलीस. तुझं लग्न झालेलं नाही.”

तीनदा म्हणाली. मग बशीवर चमचा वाजवला आणि रोजच्या आवाजात ऊठ म्हणाली.

जाग येताना एक क्षण असा असतो की आपण कुठे, आपण कोण, काही म्हणजे काही सुचत नाही. ती रोज नेमकी त्याच क्षणाला येऊन बसते. मी मुकाट्याने चहा प्यायले.

इंजिनवाल्यांना मिशी आहे की नाही? दिवसभर आठवतेय.

सोमवार, १८

ताई बाजारात गेल्यावर जिन्याखालचं कपाट उघडलं. सर्व्हरच्या पडद्यावर मशीनचे फोल्डर होते, आणि शेवटी आणखी दोन. एकावर माझं नाव. आत तीच वाक्यं, खाली आणखी कितीतरी. मला कुठली भाजी आवडते, कुणाची भीती वाटते, कधी रडायचं. सगळं ताईच्या शब्दांत.

फाइलची तारीख मी यायच्या महिनाभर आधीची. तिने फोन केला त्याच्याही आधीची. दारात मला कुशीत घेतलं तेव्हा हे सगळं तयार होतं. आणि मी वेड्यासारखी तिच्या खांद्यावर रडले. आठ वर्षं मी त्या मिठीची वाट बघत होते.

दुसरा फोल्डर भाऊजींचा, चार वर्षांपूर्वीचा. ‘तू माझा नवरा. तुला संगणकातलं कळतं. याआधी तुला घर नव्हतं.’

भाऊजी माझ्या मागे उभे होते. त्यांनीही वाचलं. पंखा कुरकुरत होता.

“मला वाटायचं, हे सगळं मीच बसवलंय,” ते म्हणाले. सोपं आहे म्हणाले नाहीत.

बुधवार, २०

भाऊजींनी परवा संध्याकाळी गजराचं घड्याळ आणून दिलं. जो आधी उत्तर देईल त्याचं खरं, मग ताईच्या आधी या वहीनेच उत्तर द्यायचं. काल आणि आज पाचला उठून पहिल्या पानापासून वाचलं. सगळं परत आलं. म्हणजे जेवढं लिहिलंय तेवढंच. निघून जावं तर आमचं घर सुटलंय आणि इंजिनवाले २८ला इथेच येणार, तोवर तग धरायचा.

भाऊजींना मात्र कुणी वही दिली नव्हती. आज नाश्त्याला त्यांनी विचारलं, हे घड्याळ कुणी आणलं? अगदी प्रेमाने विचारलं. ताई तेव्हा माझ्याकडे बघत होती.

शुक्रवार, २२

घड्याळ नाही. ताई आता साडेपाचला येते.

बॅग घेऊन निघाले. थांब्यावर बस आली, कंडक्टरने विचारलं, कुठे? — कुठे? मागची माणसं खोळंबली. मी उतरले. भाऊजी न्यायला आले, हात धरून घेऊन आले. सोपं आहे, सोपं आहे, म्हणत होते.

रविवार, २४

ताईच्या हातात वही. मला वाटलं फाडेल. पानं नीट वाचून तिने परत दिली.

“छान लिहितेस. पूर्ण कर ही गोष्ट.”

मी विचारलं, का केलंस? माझ्याशी का?

“एकदा गेलीस ना सोडून,” ती म्हणाली. “पुन्हा नाही.”

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. खरं पाणी. तेच सहन होत नाही.

मंगळवार, २६

पावणेपाचलाच आली. वही उशीखाली होती, चारच ओळी वाचून झाल्या— तिने हळूच बाजूला ठेवली.

२८. २८ला कुणीतरी येणार आहे. न्यायला. हे विसरायचं नाही. २८. तळहातावर लिहिलंय—

ताईने हात धुवायला लावले.

गुरुवार, २८

आज छान वाटतंय. ताईने चहा दिला. टेबलावर ही वही होती. ताई म्हणते, मी लिहीत असलेली भयकथा आहे. वाचली. बरी आहे. बहीण जरा जास्तच दुष्ट झालीय, माझी ताई तर अशी नाही. शेवट तेवढा राहिलाय.

दुपार

दारात एक गृहस्थ आले होते. खांद्यावर पिशवी, उन्हाने रापलेले, मिशी आहे. ताई म्हणाली पत्ता चुकलाय. मी जिन्यात उभी होते. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, “मांजरपाट?”

मी ओळखत नाही म्हणाले. ताईने दार लावलं. ती दाराशीच उभी आहे. भाऊजीही.

मांजरपाट. हा शब्द माझ्या गोष्टीत आहे. त्यांना कसा—

कव्हर फाडलं. आत पेनाने लिहिलंय. ‘मांजरपाट, रोज नोंद करायची. आलो की सगळी वाचणार.’

हे अक्षर माझं नाही. वहीभर माझं, हे नाही. गोष्ट नाही ही—

फाटकाशी आहे तो. थांबलाय. वर बघतोय. नाही, निघाला.

हाक मारायला हवी. नाव— नाव काय त्याचं? पहिलं पान. इंजिनवाले. दुसरं. इंजिनवाले. इंजिनवाले. सगळीकडे तेच, नाव एकदाही—

कोपऱ्यापर्यंत पोचला. ताई जिना चढतेय. नाव कुठेतरी असेल, कुठेतरी मी चुकून