कुर्डूची फुलं

कापडे, दसरा, १९५८. संध्याकाळ.

बांधावर बसून काकडी खाल्ली म्हणून आज बोलणी बसली. बसू देत. पुन्हा खाईन.

आज दाराला नवं बांधायचं होतं. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, कुर्डूची फुलं, सगळ्यांची मिळून एक जुडी. पण भावजींनी मुंबईहून कागदी फुलांचं तोरण आणलं. "वैनी, हे सुकायचं नाय. वरीसभर ऱ्हाईल." लगेच सासूबाई, "मग कशाला गो हिंडतेस शेतात? लोक बघतात."

लावणीला त्याच शेतात दिवस दिवस वाकते, तेव्हा नाही कोणी बघत! फुलं खुडायला गेले की बरी दिसते सगळ्यांना.

गेलेच. मुद्दाम लांबच्या बांधाने. कुर्डूचे गुलाबी तुरे दवाने ओले होते. तासभर बांधावर बसले, वेलावरची काकडी तोडून खाल्ली. कोणाचं काय गेलं?

येऊन जुडी तोरणाच्या मधोमध बांधली. कागद झाकला तर झाकला.

आणि आत्ता भावजी हळूच म्हणतात, "वैनी, एक जुडी द्याल? मुंबईच्या खोलीला बांधीन."

नाही दिली. सासूबाईंच्या समोरच म्हटलं, "सकाळी शेतात जा नि कुर्डू स्वतः खुडा."

"लोक बघतील की."

"बघू देत. काकडीपण खा."